शिवेच्या आतले पिंपळ

पुण्यात भिंतीत उगवलेला पिंपळ कोणी तोडत नसे. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडते, दोन दगडांच्या सांध्यात रुजते आणि काही पावसाळ्यांत भिंत फोडते, हे प्रत्येक घरधन्याला माहीत होते. तरीही पिंपळाला विळा लावायचे पाप कोणाला नको होते. गवंडी नकार देत, माळी विषय बदलत. मग शनिवार पेठेतल्या एका लहानशा महादेवाच्या देवळात बजरंग गुरवाला बोलावणे जाई.

बजरंग रोप जिवंत काढत असे. सांध्यातला चुना ओला करून खरवडायचा, पहारीने एक दगड किंचित सरकवायचा आणि मुळे ओल्या फडक्यात गुंडाळत मोकळी करायची. रोप हाती आले की घरधनी बजरंगच्या तळहातावर पळीभर पाणी सोडे आणि म्हणे, "झाड तुझ्या हवाली. जगवायचं, आणि गावाची शीव ओलांडू द्यायची नाही." पाणी सुटले की पुढे झाड मेल्याचे पाप बजरंगच्या माथी. शिवेची अट अशासाठी, की झाड घराच्या दगडांत जन्मलेले. ते गावाबाहेर गेले तर घराचे बरेही त्याच्यामागे जाईल अशी समजूत होती.

झाड मोठेही होऊ द्यायचे नव्हते. वाढलेल्या पिंपळावर मुंजा वस्तीला येतो, गुडघ्याएवढ्या झाडावर तो बसत नाही, असे जुनी माणसे सांगत. म्हणून बजरंगच्या बापाने झाडे बुटकी ठेवण्याची रीत बसवली होती आणि बजरंगने ती पुढे चालवली. कुंभारवाड्यातून आणलेली उथळ कुंडी, नाहीतर फुटक्या रांजणाचा तळ. त्यात विटांचा चुरा, नदीची वाळू, जुने शेणखत. एका वर्षाआड आषाढात झाड उपटून मुळे कातरायची, जून पाने खुडायची, फांदीला सुतळीने दगड टांगून ती खाली ओढायची. पाने वर्षागणिक लहान होत जात. बापाने लावलेल्या काही पिंपळांचे खोड मनगटाएवढे जाड होते आणि उंची दोन विती.

देवळामागच्या अंगणात असे साठ-सत्तर पिंपळ होते. प्रत्येकाचे घर वेगळे. दसऱ्याला त्या त्या घरून शिधा येई, त्यापलीकडे झाडाची चौकशी कोणी करत नसे. कुंडीत माती थोडी, म्हणून थंडीत रोज एकदा आणि उन्हाळ्यात दोनदा पाणी द्यावे लागे. त्यामुळे बजरंग गावाबाहेर कधी मुक्कामाला राहिला नव्हता. बायकोचा बाप वारला तेव्हा तो पौडाकडे गेला आणि दिवस मावळायच्या आत परत आला. सासरच्यांनी ते लक्षात ठेवले होते.

दिवाळीत हडपसरला लढाई झाली. श्रीमंत पेशवे शहर सोडून गेले आणि पुणे जिंकलेल्या फौजेच्या ताब्यात आले. पहिले काही दिवस फौज शिस्तीत राहिली. माघ सरताना वसुली सुरू झाली. पुरलेले द्रव्य शोधायला घरांच्या जमिनी खणल्या जाऊ लागल्या, घरधन्यांना उन्हात उभे केले जाऊ लागले. ज्यांना जमले ते निघाले. बातमी अशी होती की शहराच्या वाटांवर चौक्या बसणार आणि मग कोणालाही बाहेर सोडणार नाहीत. कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

बजरंगची एकुलती मुलगी तुळजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना सरत आला होता. तिचा नवरा श्रीमंतांच्या लष्कराबरोबर कोकणाकडे गेला, त्याची खबर नव्हती. पेठेतली सुईण संक्रांतीनंतरच आपल्या गावी गेली होती. तुळजाची आई सोजरबाई हिने पौडाकडच्या आपल्या भावाला निरोप धाडला, आणि एका दुपारी संपत बैलगाडी घेऊन आला. गाडीत कडबा पसरून वर घोंगडी घातली होती.

"दाजी, उद्या उजाडताच निघायचं," पाणी पिता पिता संपत म्हणाला. "लकडी पूल वलांडला, कोथरूड मागं टाकलं, की पुढं भ्या न्हाई. आमच्याकडं सुईण हाय. पोरगी सुखानं मोकळी हुईल."

"निघू की," बजरंग म्हणाला. "पर झाडांचं काय करायचं?"

सोजरबाई चुलीपुढून उठून दारात आली. "काय करायचं म्हंजे?"

"चार दिस पाणी न्हाई मिळालं तर जातील."

"मग गाडीत घाला. पोरीला चालवत नेऊ."

"शीव वलांडायची न्हाई, ठावं हाय तुला."

"नदीकाठाला लावा मग."

"फौजेचे उंट पाल्यासाठी गावभर हिंडत्यात. नदीवरच्या वडाचा खराटा केलाय त्यांनी. आन फाल्गुनात नुसतं मातीत खोचून झाड जगतं व्हय?"

"तर मग ज्याचं त्याच्या दारात नेऊन द्या," सोजरबाई म्हणाली. "म्हणावं, इतकी वर्सं आमी पाणी घातलं, आता तुमी घाला."

ती हे टोमणा म्हणून बोलली होती. बजरंगला ते पटले.

त्याने एक दिवस मागितला. उद्या गाडीतून झाडे घरोघर पोचवायची, परवा सगळ्यांनी निघायचे. संपत म्हणाला, तुम्ही मागे राहा, मी ह्या दोघींना घेऊन जातो. पण वाटेवर पेंढारी होते, आणि एका गड्याच्या भरवशावर दोन बायका, त्यातली एक अवघडलेली, ह्याला सोजरबाईच धजेना. तुळजा आतून म्हणाली, "एका दिसानं काय हुतंय, मामा. आबा मनात झाडं घिऊन आले तर वाटंभर तेच बोलतील."

संपत हसला. गाडी दिली.

सकाळी त्यांनी कुंड्या गाडीत चढवल्या. कडबा काढला नाही, त्यातच त्या नीट बसल्या. पिंपळांना नुकती कोवळी पालवी आली होती, तांबूस आणि ओलसर. दोन फेऱ्या कराव्या लागणार होत्या. पहिली फेरी पेठेतलीच.

यज्ञेश्वरशास्त्री दारातच भेटले. आत बोचकी बांधणे चालले होते.

"बुवा, आपलं झाड आणलंय."

"आमचं?" शास्त्रीबुवांनी कुंडीकडे पाहिले. "आमचं कसं? तुझ्या हातावर पाणी सोडलंय मी. दिलेलं दान परत घ्यावं असं कुठे लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही."

"दान न्हाई जी. हवाली केलं हुतं. आमाला गाव सोडायचंय. पोरगी..."

"आम्हालाही सोडायचंय. वाईला निघालो आहोत. तू झाड इथे ठेवलंस आणि ते वाळलं, तर पाप कोणाचं?"

"माझं."

"मग ते तुझ्याच दारात वाळलेलं बरं नाही का? मला येता-जाता दिसणार नाही." शास्त्रीबुवा आत वळले आणि पुन्हा बाहेर आले. "मुलीला घेऊन लवकर नीघ. गाड्या मिळत नाहीत हल्ली. तुझ्याकडे आहे, तर ती झाडं कसली हिंडवतोस?"

पुढे आप्पासाहेबांचा वाडा. त्यांच्या भिंतीतून बजरंगने एका वर्षात तीन पिंपळ काढले होते. अंगणात बैल जुंपलेले होते आणि आप्पासाहेब स्वतः हंडे मोजून चढवून घेत होते.

"वा, गाडी आणलीस ते फार छान केलंस," ते म्हणाले. "ती कुंडकी उतरव आणि आमचे हे दोन पेटारे चढव."

"साहेब, आपलीच तीन झाडं हाईत. परत द्याया आलो."

"दर दसऱ्याला शिधा पोचतो ना?"

"पोचतो जी."

"कशाबद्दल पोचतो? वेळ बरी असताना झाडाला पाणी घालायला माझी पोरंही आहेत. वेळ वाईट आली की तू सांभाळशील, त्याबद्दल तो शिधा. आता वेळ वाईट आली, तर तूच दारात." मग आवाज उतरवून म्हणाले, "पेटारे घेतोस का? तुझ्या मुलीला आमच्या गाडीत बसवतो, बायकांच्यात. सिंहगडापर्यंत."

बजरंगने विचार केला. मेव्हण्याची गाडी पेटाऱ्यांसकट सिंहगडाच्या वाटेला लावायची तर त्याला विचारायला हवे होते. विचारून येतो म्हणाला. शिवाय गाडीत झाडे होती, ती आधी उतरवायला हवी होती. तो परत आला तेव्हा आप्पासाहेबांच्या गाड्या गेलेल्या होत्या.

त्यानंतरची बरीच घरे बंद निघाली. काही दारांना कुलुपे होती, काही नुसती ओढून घेतलेली. कसब्यात एका ओसरीवर कुदळी वाजत होत्या आणि अंगणात एक वृद्ध गृहस्थ उघड्या डोक्याने उन्हात उभे होते. त्यांचेही झाड गाडीत होते. बजरंगने बैल मागे वळवले. दोन-चार ठिकाणी माणसे होती. कोणी म्हणाले घरात सोयर आहे, कोणी म्हणाले भाऊ परगावी आहेत, त्यांना विचारल्याखेरीज कसे घ्यायचे. एकाने दार उघडलेच नाही, आतूनच सांगितले, "झाड बाहेर ठेवू नका, नाहीतर मी रस्त्यावर टाकून देईन. आणि मग ते पाप तुम्हालाच लागेल."

आनंदीबाई नावाची एक विधवा बाई एका मोठ्या घराच्या मागच्या खोलीत राहत असे. घरातले सगळे गेले होते. तिला मागे ठेवले होते, की तीच राहिली होती, हे तिने सांगितले नाही.

"ठेव इथे, तुळशीशेजारी," ती म्हणाली.

"रोज पाणी लागंल, आईसाहेब. ऊन वाढलं की दोनदा."

"मला दुसरं काय काम आहे? पण एक सांग. मी मेले आणि मग हे मेलं, तर पाप कोणाचं?"

बजरंगने कुंडी तुळशीशेजारी टेकवली, पण हात सोडला नाही.

"बरं, माझंच. ठेव. एवढ्यातेवढ्याने माझ्या खात्यात काय फरक पडणार आहे."

दिवस कलला तेव्हा गाडी देवळाशी परत आली. दुसऱ्या फेरीची झाडे अंगणातून हललीच नव्हती आणि पहिल्या फेरीतले एकच कमी झाले होते. बैल दमले होते. संपतने ते सोडून पाण्यावर नेले. सोजरबाईने गाडीत डोकावून पाहिले. कुंड्या उतरवायला तुळजा पुढे आली, तिला तिने दंडाला धरून मागे बसवले.

झाडांना पाणी घालून झाल्यावर बजरंग ओसरीवर येऊन बसला. "उद्या निघायचं," तो म्हणाला. "पाप लागंल ते लागंल. भिजवून ठिवलीत. पुढचं त्यांचं ती."

सोजरबाई म्हणाली, "हे काल म्हणाला असता तर?"

सकाळी ते निघाले. गाडीत तुळजा आणि सोजरबाई, पुढे संपत, मागे पायी बजरंग. लकडी पुलाच्या अलीकडे रस्त्यात आडवे वासे टाकलेले होते आणि भालेवाले बसलेले होते. त्यांच्यापुढे आणखी चार-पाच गाड्या अडकलेल्या होत्या. चौकी आदल्या दिवशी संध्याकाळी बसली होती.

संपतने हात जोडून तुळजाकडे बोट केले. चौकीदार म्हातारा होता, नगराकडच्या बोलीत बोलत होता. त्याने गाडीत पाहिले.

"काल तिन्हीसांजेपत्तुर सोडत व्हतो," तो म्हणाला. "बायापोरं तर बघतही नव्हतो. काल का न्हाई आला?"

सोजरबाईने बजरंगकडे पाहिले.

"काल काय करीत व्हता?" त्याने बजरंगलाच विचारले.

"काम हुतं," बजरंग म्हणाला.

"आता हुकूम न्हाई." चौकीदाराने बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि दुसऱ्याला हाक मारली. तोफखान्याच्या ओढीला बैल हवे होते. गाडीही ठेवून घेतली. घोंगडी मात्र त्याने स्वतः काढून सोजरबाईच्या हातात दिली.

ते चालत परत आले. ऊन तापले होते. तुळजा दर गल्लीच्या तोंडाशी थांबे, भिंतीला हात टेकून उभी राही आणि पुन्हा चालू लागे. एकदा ती म्हणाली, "आबा, तुमी म्होरं व्हा, झाडं तापली असतील." तिला ते लागट बोलायचे नव्हते. तिला खरेच तसे वाटत होते.

अंगणात तीन उंट बसलेले होते आणि त्यांना हाकणारा सारवान देवळाच्या पायरीवर हुक्का ओढत होता. कोवळी पालवी संपली होती. फांद्याही संपल्या होत्या. कुंड्यांत बोटा-दोन बोटांची खुंटे उरली होती, काही कुंड्या कलंडल्या होत्या, आणि एक उंट रिकाम्या रांजणाच्या तळात अजून नाक घालत होता.

"तुमचं का?" सारवानाने विचारले. तो उठलाही नाही. "इतकुशा भांड्यात झाड कुणी लावतं? जनावराची जीभ मातीला लागते. तिघांत मिळून एकाचंही पोट नाही भरलं."

हुक्का विझल्यावर त्याने उंट उठवले आणि गेला.

दुपारी तुळजाच्या पोटात दुखू लागले. दिवस भरले नव्हते. शेजारच्या घरांत कोणी नव्हते. संपत तीन पेठा हिंडला आणि एका बाईला घेऊन आला. ती सुईण नव्हती, पण तिला स्वतःला बरीच मुले झाली होती. मूल आडवे होते. ते दुसऱ्या दिवशी पहाटे मेलेलेच जन्मले. मुलगा होता. तुळजा त्यानंतर एक दिवस जगली. तिला ताप होता आणि ती पाणी मागत होती, तेवढे तिला देता आले. ओंकारेश्वराजवळ तिला अग्नी दिला. लाकडे मिळत नव्हती. संपतने कुठल्याशा सोडून दिलेल्या घराच्या फळ्या आणल्या.

सुतकात बजरंगला देवाला शिवता येत नव्हते. देवळाचा गाभारा बंद राहिला. सोजरबाई ओसरीवर बसून होती. तिने पाहिले की सकाळी बजरंगने घागर उचलली, आडावर गेला, कलंडलेल्या कुंड्या सरळ केल्या आणि एकेका खुंटाला पाणी घालत अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. परत येताना त्याचे लक्ष तिच्याकडे गेले.

"मुळं जित्ती हाईत," तो म्हणाला.

सोजरबाईने पदर तोंडावर घेतला. दिवसकार्य पार पडेपर्यंत ती त्याच्याशी काही बोलली नाही. पुढे वैशाखात चौक्या उठल्या तेव्हा ती भावाबरोबर पायी पौडाकडे निघून गेली. बरोबर घोंगडी नेली.

पिंपळ वरून खुडल्याने मरत नाही. भिंतीतला पिंपळ छाटला तर तो खालून दुपटीने फुटतो, नाहीतर लोकांना बजरंगची गरजच पडली नसती. चैत्र संपेपर्यंत जवळजवळ सगळी खुंटे फुटली. पाने पूर्वीपेक्षा लहान आणि दाट आली.

पावसाळ्याच्या तोंडाशी लोक परतू लागले. ज्यांची घरे खणलेली होती ते आधी जमिनी सारवून घेण्यात गुंतले. यज्ञेश्वरशास्त्री वाईहून आल्यावर एका सकाळी देवदर्शनाला आले आणि मागे अंगणात डोकावले.

"आमचं कुठलं रे?"

बजरंगने दाखवले.

"जगलं म्हणजे. पूर्वी थोडं डेरेदार होतं, नाही?"

"उंटांनी खाल्लं हुतं."

"हं." शास्त्रीबुवांनी पानाला बोट लावून पाहिले. "आणि मुलगी? सुखरूप सुटली ना?"

"न्हाई राहिली, बुवा. मूलबी न्हाई."

शास्त्रीबुवांनी पानावरचे बोट काढून घेतले.

"झाड नेता का?" बजरंगने विचारले. "आता नेलं तर बरं हुईल. मला..."

"अरे, आता तर नाहीच. इतक्यातून वाचलंय ते तुझ्या हाती. ते इथेच राहू दे." ते दोन पावले गेले आणि वळून म्हणाले, "दसऱ्याला शिधा येईल. या वर्षी थोडा जास्त पाठवतो."

बाकीची घरेही अशीच आली आणि गेली. आनंदीबाईचे झाड तेवढे परत आले. तिच्या घरातल्या कोणीतरी आणून देवळाच्या पायरीवर ठेवले होते. विचारायला बजरंग गेला तेव्हा तिच्या मागच्या खोलीत आता धान्याची पोती होती. त्या झाडाची पालवी शाबूत होती. उंट तिथवर पोचले नव्हते.

आषाढात संपत आला. बजरंग अंगणात फतकल मारून बसला होता आणि एका उपटलेल्या पिंपळाची मुळे कातरत होता. हे मुळे कातरायचेच वर्ष होते. पाऊस भुरभुरत होता.

"अक्का म्हणती, या तिकडं," संपत उभ्याउभ्याच म्हणाला. "तिनं स्वतः म्हणलंय. म्या शिकवलं न्हाई. एक खोली हाय. आमच्या गावच्या देवळाला गुरव न्हाई, पाटलाला इचारलंय. पर आता या. पुढल्या महिन्यात म्हणाल तर ती इतकंबी म्हणायची न्हाई."

बजरंगने कातरलेली मुळे बाजूला सारली. झाड कुंडीत बसवले, भोवती चुरा दाबला. त्याच्या पलीकडे उरलेली झाडे रांगेने होती, सगळी हिरवी.

"कसा येऊ?" तो म्हणाला. "जित्ती हाईत ना."

"उंटांनी मुळासकट खाल्ली असती तर सुटला असता."

"व्हय," बजरंग म्हणाला.

बजरंगने दुसरी कुंडी जवळ ओढली आणि आतली माती सैल करायला घेतली. मग संपतने डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली आणि लकडी पुलाच्या वाटेला लागला.